खोडलेला मुक्काम

सदाभाऊ गेल्याची बातमी मला भाजीबाजारात कळली. रोज सकाळी पिशवी घेऊन बाजारात जायचं आणि भाजी घेण्याआधी त्यांच्या दुकानापाशी दोन मिनिटं उभं राहायचं, ही माझी वीस वर्षांची सवय. त्या दिवशी त्यांची जागा रिकामी होती, नुसतं पोतं अंथरलेलं. मला वाटलं, उशीर झाला असेल. उशीर म्हटला की माझं डोकं तापतं, तो शाळामास्तराचा रोग आहे. शेजारी पालेभाजी घेऊन बसणाऱ्या पार्बताबाईला मी जरा घुश्शातच विचारलं, "आज कुठं राहिले आमचे सदाभाऊ?" मेथीवर पाणी शिंपडता शिंपडता तिनं वर पाहिलं. "मास्तर, तुमाले कोनी सांगतलं नाई का? सदाभाऊ गेले न पहाटे. छातीत कळ आली म्हन्तेत." मग ती पुन्हा पाणी शिंपडू लागली, पण आता तिचा हात एकाच जुडीवर फिरत होता... मी पिशवी घडी करून काखेत धरली आणि तसाच वडाळीच्या वाटेला लागलो.

आठच दिवसांपूर्वी ते माझ्या ओसरीवर बसून गेले होते. टोपलीभर संत्री आणली होती, पाणी प्यायले, पाण्याची चव नेहमीसारखी जिभेवर घोळवली आणि फुलपात्र खाली ठेवलं. उठताना म्हणाले, "मास्तर, थे पिंप गळून राह्यलं. सणाच्या आंधी झाळून घ्या लागते यंदा." मी म्हटलं, "घेऊ की, घाई काय आहे?" आमचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

मेलेल्या माणसाबद्दल लिहायचं तर त्याचे गुण सांगायची पद्धत आहे. सदाशिवराव माळी हे अमरावतीच्या बाहेर वडाळीच्या बाजूला संत्र्याची बाग आणि भाजीचा मळा करणारे गृहस्थ होते, तिसरी इयत्ता शिकलेले, कमी बोलणारे. त्यांनी कुणाचं वाईट केल्याचं मी ऐकलेलं नाही. गुण एवढ्यात संपले असं नव्हे, पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. सदाभाऊंनी एकदा चाकांवरचं घर बांधून मुलुख पाहायचा बेत केला होता. त्या बेतातलं एक गाव मी माझ्या तांबड्या पेन्सिलीनं खोडलं. त्या गावात त्यांची आई राहत होती, आणि तो सगळा बेत त्या एका गावासाठी होता. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ठाऊक नव्हतं म्हटल्यावर माणूस सुटतो, असं मला पुष्कळ दिवस वाटत असे. आता वाटत नाही.

आईची हकीकत मला फार उशिरा कळली. पण वाचकांना ती आधीच सांगून टाकतो. ती लपवून गोष्ट रंगवायची मला लाज वाटते. सदाभाऊ सहा वर्षांचे असताना त्यांचे वडील वारले. आई अगदी तरुण. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, आमच्यातही लागतो, त्यात कुणी कमीपणा मानत नाही. पण पाट लागून जाणाऱ्या बाईनं पहिल्या घरचं मूल पहिल्या घरीच ठेवायचं असतं. मूल त्या घराचं. तर ती बाई मूर्तिजापूरच्या अलीकडे, सडकेपासून दोन कोस आत असलेल्या शेलू नावाच्या गावी गेली आणि सदाभाऊ काकांकडे राहिले. काका भला माणूस. त्यानं पुतण्याला आणि स्वतःच्या मुलाला एका ताटात जेवू घालून वाढवलं. फक्त तिचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही. सदाभाऊही काढत नसत. ज्याचं मीठ खाल्लं त्याच्या ओसरीवर बसून ते नाव कसं घ्यावं, असं त्यांना वाटत असणार. काका गेले तेव्हा सदाभाऊ चाळिशी ओलांडून गेले होते, आणि शेलू वडाळीपासून बंडीनं दीड दिवसाच्या वाटेवर होतं.

काका गेले त्याच्या पुढच्याच वर्षी सदाभाऊंनी लॉरी घेतली आणि ती चालवायला शिकले. अकोटकडच्या एका जिनिंगात कापसाच्या गाठी वाहून थकलेली ती लॉरी होती. मला वाटलं, संत्री ठेसनावर न्यायला घेतली. दोन महिन्यांनी पाहतो तर मागच्या बाजूला सागवानी फळ्यांची खोली उभी. वर पत्रा, दोन बाजूंना झडपा, आत भिंतीला जोडलेला बाक-वजा पलंग, शेगडीसाठी खाली पत्रा ठोकलेला कोपरा, भांड्यांची फळी. फळीला काठी लावलेली, म्हणजे हिसका बसला तरी भांडी पडू नयेत. त्यांचा चुलतभाऊ हसून म्हणाला, "घर सोडून घरातच चालले दादा." गावातले लोक तिला सदाभाऊची बंगली म्हणू लागले. सदाभाऊंनी मुलुख पाहायला बरोबर बोलावलं तेव्हा माझ्या बायकोला मी मोठ्या हौसेनं ती बंगली दाखवली; तिनं आत डोकावून पाहिलं आणि हालत्या घरात आपल्याच्यानं संसार व्हायचा नाही असं सांगून टाकलं. म्हणून जाणारे आम्ही तिघंच ठरलो. सदाभाऊ, त्यांची बायको तुळसावहिनी आणि मी.

त्या वर्षी त्यांनी संत्र्याच्या आंब्या बहाराची सगळी बाग फळं झाडावर असतानाच व्यापाऱ्याला मक्त्यानं दिली होती, त्यामुळे कार्तिकात हात मोकळे होते. मला दिवाळीची सुटी. महिनाभर आधीपासून आमच्या बैठका सुरू झाल्या. मोट सुटली की विहिरीच्या काठावर आम्ही बसायचो आणि शाळेची एक कोरी वही मांडीवर घेऊन मुक्काम ठरवायचो. माझ्याजवळ हिंदुस्थानचा भिंतीवरचा नकाशा आणि रेल्वेचं वेळापत्रक. सदाभाऊंजवळ संत्र्याचे व्यापारी, बंडीवाले आणि यात्रेला जाऊन आलेल्या म्हाताऱ्या. वहीत तीन रकाने त्यांनीच पाडले होते. पहिला मुक्काम, दुसरा पाणी, तिसरा पाहण्यासारखे. मी म्हणायचो अजिंठा, ते म्हणायचे तिथं विहीर कशी आहे? मी म्हणायचो वेरूळला दोन दिवस हवेत, ते म्हणायचे बाळापूरच्या अलीकडे एका मळ्यात पायऱ्यांची विहीर आहे, तिथं एक दिवस. "विहीर काय पाहायची सदाभाऊ? विहीर तुमच्या दारात आहे." "मास्तर, पान्याशिवाय मुक्काम असते का? लॉरीबी पानी पेते, मानूसबी पेते." माळी माणूस जगाकडे पाण्याच्या बाजूनं पाहतो, हे मला तेव्हा गमतीचं वाटे. मी त्यांना 'विहीर-इन्स्पेक्टर' म्हणून चिडवायचो, आणि ते खाली मान घालून हसायचे.

एका संध्याकाळी सगळी यादी पक्की करायला मी खिशात तांबडी पेन्सिल घेऊन गेलो. तुळसावहिनी जवळच ओसरीवर तूर निवडत होत्या. अमरावती सोडल्यावर बडनेरा, मग एकदम सदाभाऊंच्या वळणदार अक्षरात नवीच एक ओळ होती. मुक्काम, शेलू. पाणी, गोड. तिसरा रकाना रिकामा. मी म्हटलं, "हे कुठलं काढलं?" म्हणाले, "मूर्तिजापूरच्या अलीकडे हाय एक." "तिथं पाहण्यासारखं काय?" ते वहीचा दुमडलेला कोपरा बोटानं सरळ करू लागले. "अहो, काय आहे तिथं? देऊळ? गढी?" ते म्हणाले, "पानी गोड हाय म्हन्तेत." आणि इथं मला जोर चढला. मी भातकुलीचा. तो सगळा पट्टा खाऱ्या पाण्याचा, तिथं डाळ शिजायला मारामार. माझं सगळं बालपण त्या पाण्यावर गेलेलं. शेलू त्याच पट्ट्यात. मी म्हटलं, "सदाभाऊ, तुम्हाला कुणीतरी फसवलं. शेलूला गोड पाण्याचा थेंब मिळायचा नाही. त्यात काळ्या मातीची वाट, पाऊस नुकता उघडलेला, दोन कोस आत घालून लॉरी चाकापर्यंत रुतायची. सडकेवर मूर्तिजापूर पडलं आहे ना, तिथं चहा घेऊ."

वहिनींचं सूप थांबलं. त्या म्हणाल्या, "मास्तर, राहू द्या न थे गाव. एक गाव तं हाय." मी त्यांच्याकडे वळूनही न पाहता म्हणालो, "वहिनी, रस्त्यातलं तुम्हाला काय समजतं?" आणि ओळीवरून पेन्सिल ओढली. एकदा नाही, दोनदा. वर्गात चुकीचं गणित खोडतो तशी, कागद जरा फाटेपर्यंत. सदाभाऊ त्या रेघेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बरं." एवढंच... सूप पुन्हा वाजू लागलं. मला आपण मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. एक अख्खा दिवस वाचवला होता मी.

पिंपाची गोष्ट निघायच्या सकाळची. वापरायच्या पाण्याचं एक पिंप दाराशी होतं. सदाभाऊंनी आणखी एक मोठं पिंप, पितळी तोटीचं, पहाटेपासून स्वतः घागरी ओतून आपल्या विहिरीच्या पाण्यानं भरलं, तोंडावर ओलं फडकं ताणून सुतळीनं बांधलं आणि पलंगाखाली ढकललं. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "त्याले राहू द्या मास्तर." मी विचारलं, "इंजिनासाठी का?" म्हणाले, "हो." रेघ ओढून तेव्हा चार दिवस झाले होते. तरी त्यांनी ते भरलं. लॉरी त्या फाट्यावर पोचेपर्यंत काहीतरी होईल, मीच कदाचित म्हणेन की चला पाहून येऊ, अशी त्यांना आशा असणार. मी पुष्कळ विचार करून या निष्कर्षाला आलो आहे आणि तो मला सोसत नाही.

मूर्तिजापूरच्या अलीकडे डाव्या हाताला बाभळींमधून एक बंडीवाट आत जाते. तिथं त्यांनी लॉरी थांबवली. "इंजन तापलं. थंडं होऊ द्या." खाली उतरले, टोपण उघडलं नाही, पाणी घातलं नाही, रस्त्याच्या कडेला जाऊन त्या वाटेकडे तोंड करून उभे राहिले. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला. दूर झाडांच्या एका पुंजक्यावर धूर दिसत होता. वहिनी झडप वर करून नुसत्या त्यांच्या पाठीकडे पाहत होत्या. मी घड्याळ पाहिलं. अकोल्याला दिवस मावळायच्या आत पोचायचं, असं माझ्या यादीत होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग मी हात लांब करून लॉरीचा रबरी भोंगा दाबला... दोनदा. सदाभाऊ दचकले, वळले आणि चाकाशी येऊन बसले. अकोल्यापर्यंत त्यांनी रस्त्यावरची नजर काढली नाही, आणि मला वाटलं, इंजिनाची काळजी लागली आहे.

अकोल्यात सडकेच्या कडेला एका निंबाखाली मुक्काम केला. लॉरी थांबल्याबरोबर सदाभाऊ वहिनींना म्हणाले, "थे मोठं पिंप खोल. भांडे घास त्या पान्यानं." वहिनी म्हणाल्या, "भांडे नाई घासत मी त्यानं." त्यांनी सुतळी सोडली, तांब्या भरला आणि आधी माझ्यापुढे धरला. मी घटाघट प्यायलो. दिवसभराची धूळ घशात होती. मी म्हणालो, "वा! सदाभाऊ, तुमच्या विहिरीसारखं गोड पाणी अख्ख्या वऱ्हाडात नाही." त्यांनी मान हलवली.

पुढचा प्रवास माझ्या यादीप्रमाणे झाला. निजामाच्या हद्दीवरच्या नाक्यावर अर्धा दिवस खोळंबलो, अजिंठा पाहिला, वेरूळला माझे दोन दिवस मला मिळाले. तिथल्या कोरलेल्या खांबांपुढे मी व्याख्यान देत होतो आणि सदाभाऊ डोंगरातून पाणी कुठून झिरपतं ते शोधत होते. नाशकाला वहिनींनी गोदावरीत स्नान केलं. शेवटचा मुक्काम मुंबईचा, समुद्र. मी लहान मुलासारखा धोतर खोचून पाण्यात शिरलो. सदाभाऊ काठावर उकिडवे बसले, ओंजळीत पाणी घेतलं, जिभेला लावलं आणि थुंकले. बराच वेळ तिथं आलेल्या बायकापोरांकडे, भेळ खाणाऱ्यांकडे, फोटो काढणाऱ्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, कुठून कुठून येतेत लोक हे पाहाले?" मी म्हटलं, "देशोदेशीहून." ते म्हणाले, "म्हंजे खारं पानीबी पाहाण्यासारखं रायते." मी खळखळून हसलो. परत आल्यावर शाळेत ही गोष्ट मी विनोद म्हणून सांगितली. सदाभाऊंनी मला आयुष्यात लावलेला बोल तो एवढाच, आणि तोही मला समजला नाही.

परतीला भुसावळपाशी लॉरीच्या स्प्रिंगांचे पाटे तुटले. माझी सुटी संपत आली होती. मी रेल्वेनं अमरावतीला आलो, ते दोघं लॉरी दुरुस्त करून आठ दिवसांनी आले. वाचकांच्या मनात येईल की मी नव्हतो तर मग ते शेलूला का गेले नाहीत? हा प्रश्न मलाही पडला होता, आणि त्यात मला स्वतःची सुटका दिसत होती. त्याचं उत्तर मला वहिनींनी दिलं, पण त्याला दीड वर्ष जावं लागलं.

मग एका उन्हाळ्यातल्या दुपारी मी बागेत गेलो. सदाभाऊ लॉरीच्या पायरीवर बसले होते, ओल्या धोतरानं, डोक्यावरून पाणी निथळतं आहे. भर दुपारी अंघोळ कसली, म्हणून मी आत जाऊन वहिनींना विचारलं. त्या चुलीपुढे होत्या, पण चूल पेटवलेली नव्हती. "शेलूकडून आलेल्या बंडीवाल्यानं सांगतलं. त्याईची माय गेली, आज चार दिवस झाले." मी म्हटलं, "कुणाची माय?" ते पोरके आहेत असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो, कधी विचारलं नव्हतं. तेव्हा वहिनींनी मला सगळं सांगितलं. पाट, काका, काकांच्या घरातला तो अबोला. तिथं गेल्यापासून ती बाई खारं पाणी पीत आली, म्हणून सदाभाऊंनी ते पिंप भरलं होतं. वडाळीच्या विहिरीचं पाणी तिला खूप आवडायचं, तांब्या खाली ठेवत नसे, एवढीच तिची एक आठवण त्यांच्याजवळ होती. वहीत 'गोड' लिहिलं ते त्या विहिरीबद्दल नव्हतंच. सदाभाऊ तिच्यासाठी नेणार होते त्या पाण्याबद्दल होतं.

मी कसंबसं विचारलं, "परतीला तरी जायचं होतं." वहिनी म्हणाल्या, "थांबलो होतो न फाट्यावर. म्या म्हनलं, जाऊ पायी. तं हे म्हन्ले, मास्तर असते तं बरं झालं असतं. फिरस्ते लोक हाओत, पानी पाजा बाई, असं म्हनून गेलो असतो. बसलो असतो ओट्यावर घडीभर. आता कोन म्हनून जाऊ? लेक म्हनून गेलो तं तिच्या घरच्याईले काय वाटन, तिनं त्याईले सांगतलं हाय का नाई, काय मालूम. तिले खाली पाहा लागन माह्यापाई." वहिनींनी चुलीतली गार राख उगाच सारखी केली. "तरी निंघाले पायी, अन् अर्ध्या वाटेवरून वापस आले. तुमी बोलके, मास्तर. त्याईले तुमचा आडोसा पाह्यजे होता."

म्हणजे ते घर, ते रकाने, अजिंठा-वेरूळ आणि समुद्र, सगळं त्यांनी त्या घडीभराच्या बसण्यासाठी रचलं होतं. त्यात मला सोबत घेतलं ते माझ्या विद्वत्तेसाठी नव्हे. परक्या ओट्यावर बसून मोठमोठ्यानं बोलणारा एक माणूस हवा होता, म्हणजे त्यांना गप्प बसून तिच्याकडे पाहता आलं असतं. ते काम मी किती छान केलं असतं! त्या दुपारी मी बाहेर आलो, सदाभाऊंच्या शेजारी पायरीवर बसलो आणि बोललो नाही. बोलायला हवं होतं. चुकलो म्हणायला काय लागतं? पण 'तुम्ही मला सांगितलं का नाही' हा राग माझ्या आत इतका भरला होता, की तो ओलांडून मला माफीपर्यंत जाता आलं नाही. शेवटी सदाभाऊच म्हणाले, "मास्तर, च्या घेसान?" पुढच्या सात वर्षांत आम्ही पुष्कळदा चहा घेतला. तो शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. माणूस रोज भेटतो, तेव्हा उद्या सांगू असं वाटत राहतं.

मग लढाई आली, पेट्रोल मिळेना, लॉरी निंबाखाली विटांवर चढली. चाकं काढून ठेवली, आत खुरपी, दोर, संत्र्याच्या रिकाम्या पेट्या भरल्या. पलंगाखालचं पिंप मात्र त्यांनी हलू दिलं नाही. अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे घरोघर पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. सदाभाऊ वडिलांची आणि काकांची घागर देवघरापुढे भरत. आईची भरण्याचा त्यांना हक्क नव्हता. ती शेलूच्या घराची पितर, तिची घागर तिथं भरणार. ते घरातलं सगळं आटोपून लॉरीत जात आणि ते पिंप भरत, काठोकाठ, एकट्यानं. कुणी विचारलंच तर म्हणत, "लाकूड-पत्रा उन्हानं तडकते. आत थंडावा पाह्यजे." मी सणाला जेवायला असायचो. घागरींमागून घागरी जाताना मी पाहायचो आणि ताटातली पुरणपोळी निवत राहायची. एकदाही उठून मी हात लावला नाही.

यंदा सदाभाऊंना जाऊन दीडेक महिना झाला आणि अक्षय्य तृतीया आली. आठ दिवस आधी मी डबे झाळणाऱ्याला घेऊन बागेत गेलो आणि पिंपाच्या बुडाला ठिगळ लावून घेतलं. घाई काय आहे, असं मीच म्हटलं होतं ना. सणाच्या दिवशी चुलतभावानं सदाभाऊंची पहिली घागर भरली. ती लाल मातीची नवी घागर, तिच्यावर ठेवलेला आंबा... मला तिकडे पाहवेना. मी उठून मागं लॉरीपाशी गेलो. थोड्या वेळानं तुळसावहिनी आल्या. आतल्या खिळ्याला सुतळीनं टांगलेली वही त्यांनी काढली आणि माझ्या हातात दिली. कोपरे उंदरांनी कुरतडलेले, पण पानं शाबूत. अमरावती, बडनेरा, मग माझ्या दोन तांबड्या रेघा. त्यांच्याखालून 'शेलू' स्वच्छ वाचता येत होतं.

"मास्तर," वहिनी म्हणाल्या, "भाऊजी परवाच्या पहाटे बंडी जुपून देते म्हन्ले. पिंप बंडीवर ठेवू अन् जाऊ शेलूले. तिचे लेकरं-सुना हायेत तिथं. कोनाले काही सांगाचं नाई. फिरस्ते हाओत म्हनू. पानी मांगू, अन् आमच्याजवळ गोड हाय, घ्या म्हनू. मलेबी बोलता येत नाई, त्याईच्यावानीच. तुमी बोलसान न?"

मी हो म्हणालो. आणि मग सात वर्षं अडकलेलं तेही म्हणालो, "वहिनी, चुकलं माझं." त्या म्हणाल्या, "ज्याले सांगाचं, थो तं गेला न मास्तर." रागानं नाही म्हणाल्या. पण ते खरं होतं, आणि खरं ते तसंच राहणार आहे.

मी खिशातली पेन्सिल काढली. खोडलेलं पुसता येत नव्हतं, म्हणून यादीच्या अगदी शेवटी, समुद्राच्या खाली, नवी ओळ लिहिली. वहिनींना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, "काय लिवलं?" मी वाचून दाखवलं.

"मुक्काम, शेलू. पाणी, खारं."

"अन् तिसऱ्यात?"

"माय."

त्यांनी पदरानं डोळे टिपले, वही माझ्याकडून घेतली आणि पुन्हा खिळ्याला अडकवली. मग पलंगाखालचं पिंप दोघांनी मिळून बाहेर ओढलं. "चाला मंग," त्या म्हणाल्या आणि एक घागर माझ्या हातात दिली. विहीर पन्नास पावलांवर होती. मी पहिली खेप आणायला निघालो.